तुमच्याकडे रंगीत टीव्ही होता का?

गेटवर माझ्या टेबलाशी आल्या की बाई काही बोलायच्या आत पिशवी उलटी करायच्या. बाकीच्या बायका पिशवीची चेन जेमतेम उघडत, डबा वर धरून दाखवत आणि "चला ना मॅडम, जीप सुटेल" म्हणत पुढे सरकत. बाईंचं तसं नव्हतं. पिशवीचे खालचे दोन्ही कोपरे धरून त्या ती टेबलावर रिकामी करत, वरून एकदा झटकत आणि दोन पावलं मागे सरून हात बांधून उभ्या राहत.

"बगा मॅडम. नीट बगा. मागनं बोलायचं न्हाय."

मी तेव्हा पडघ्याच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका गोदामात लेडी गार्ड होते. संध्याकाळी शिफ्ट सुटली की बाहेर पडणाऱ्या बायकांची झडती घ्यायची, हे माझं काम. आमच्या सुपरवायझरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "झडतीला कुरकुर करतो तो माणूस साधा. स्वतःहून खिसे उलटे करतो, त्याच्यावर नजर ठेवायची." ते वाक्य मी पाठ केलं होतं.

तुम्ही कधी दुसऱ्यांच्या पिशव्या तपासायचं काम केलंय का? ते काम गेटवर राहत नाही, आपल्याबरोबर घरी येतं. शेजारीण साखर मागायला आली की माझं लक्ष आधी तिने आणलेल्या वाटीच्या आकाराकडे जायचं. रिक्षावाल्याने नाक्यावर दोन मिनिटं जास्त थांबवलं की वाटायचं, हा कुणाची वाट बघतोय? नवरा म्हणायचा, "तुझ्यासमोर रुमाल काढायचीसुद्धा भीती वाटते मला."

अशा माझ्यासमोर रोज एक पन्नाशीच्या, काटक, कमी बोलणाऱ्या बाई पिशवी उलटी करायच्या. त्यातून काय पडायचं, सांगू? शांपूच्या बाटल्यांचे पंप. केस वाळवायच्या मशीनचं पुढचं नळकांडं. मागचं झाकण हरवलेला रिमोट. फुटक्या टॉर्चची काच. क्रीमच्या डब्यांची झाकणं. मिक्सरची बटणं.

बाई रिटर्नमध्ये होत्या. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल तिथे यायचा. धड असेल तो पुन्हा रॅकवर, मोडका असेल तो भंगारात. भंगारातलं काही न्यायचं असेल, तर तिथल्या इन्चार्जची चिठ्ठी लागायची. बाईंच्या हातात रोज चिठ्ठी असायची. एकेक वस्तू लिहिलेली, खाली सही. त्या चिठ्ठीत मला कधी खोट सापडली नाही, आणि तेच मला खुपायचं.

"एवढ्या पंपांचं काय करता हो?" मी एकदा विचारलं.

"लागतात."

"कशाला?"

"कामाला."

"कसल्या कामाला?"

"माझ्याच की." आणि त्या एकेक पंप पुसून पिशवीत भरू लागल्या, जणू काचेचं सामान.

माझं डोकं चालू झालं. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या बाटल्या जमवून त्यात भलतंच काही भरून विकणारे लोक असतात, हे मी ऐकून होते. बाटली मिळते कुठेही, अडतं ते पंपाशी आणि झाकणाशी. मी स्वतःची एक छोटी वही केली. त्यात बाईंच्या पिशवीतून काय गेलं ते लिहायला लागले. 'झाकणं सहा, सगळी एकाच मापाची.' 'आज फक्त गोल वस्तू.' 'रिमोट उघडून बघितला, आत काही नाही.' हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस झडती चालू असताना, मी त्यांच्या कमरेशी हात लावून तपासत असताना, त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी ल्हान व्हत्या तवा घरी टीव्ही व्हता?"

"होता. का?"

"रंगीत का काळापांढरा?"

माझा हात थांबला. "काळापांढरा."

"बरं," म्हणाल्या आणि पिशवी घेऊन चालू लागल्या.

मी खोटं बोलले नव्हते. आमच्या घरी काळापांढराच होता. रंगीत होता तो काकांकडे, भिवंडीत धामणकर नाक्याजवळ. काकांचे कापडाचे लूम तेव्हा जोरात होते, आणि आम्ही सगळी भावंडं रविवारी त्यांच्याकडे जमायचो. पण हे या बाईला कशाला सांगू?

चौकशी केली तेव्हा कळलं की मी एकटी नाही. बाईंनी चहावाल्याला विचारलं होतं, इन्चार्जला विचारलं होतं, लोडिंगला आलेल्या ड्रायव्हरांनाही सोडलं नव्हतं. एक ड्रायव्हर हसत सांगत होता, "मैंने बोला, मौसी, अब तो सबके घर में रंगीन है. बोलती है, अब का नहीं पूछा, तब का पूछा."

तेव्हा कुणाकडे रंगीत टीव्ही होता, म्हणजे तेव्हापासून कुणाकडे पैसा आहे. मी असाच अर्थ लावला. वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत रिटर्नमधून घड्याळं गेली. चार. मनगटावर बांधून ज्यात फोनही घेता येतो, तसली. परत आलेली, पण नवी कोरी. कॅमेऱ्यात काही सापडेना, कारण दोन रॅकच्या मधला भाग त्यात दिसतच नव्हता. मॅनेजरांनी मला आणि सुपरवायझरांना ऑफिसात बोलावलं.

"कुणावर संशय आहे?" त्यांनी विचारलं.

सुपरवायझरांनी माझ्याकडे पाहिलं.  मग मी बाईंचं नाव घेतलं आणि खिशातून वही काढून टेबलावर ठेवली.

मॅनेजर पानं उलटत गेले. एका पानावर थांबले. "रंगीत टीव्ही? हे काय आहे?"

"ते मलाही अजून कळलेलं नाही, साहेब."

खरं सांगते, त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं. कुणीतरी माझी वही वाचत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी गेटच्या मशीनला कार्ड लावलं. लाल दिवा. पदराने पुसून पुन्हा लावलं. लाल. तिसऱ्यांदा लावलं आणि माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, कार्ड चालत न्हाय."

"ऑफिसनं बंद केलंय. चौकशी चालू आहे."

"कशाची?"

"घड्याळांची."

मागे बायकांची रांग खोळंबली होती. बाई बाजूला झाल्या, सगळ्यांना आत जाऊ दिलं. मग माझ्या खिशातल्या वहीकडे बघून म्हणाल्या, "तुमी काय लिवलंत त्यात?"

"मी माझी ड्युटी केली."

त्यांनी मान हलवली. होय म्हणाल्या की नाही, ते कळलं नाही. कार्ड गळ्यातून काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली, माझ्या टेबलावर ठेवलं आणि हायवेच्या कडेकडेने चालत निघाल्या. त्या दिवशी पिशवीत फक्त डबा असावा. ती हलकी दिसत होती.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं. मनाला मी सांगितलं की घड्याळं शोधायला चाललेय, आणि ते खरंच होतं. भिवंडीहून वज्रेश्वरीच्या बसमध्ये बसले, त्यांच्याबरोबरच्या बायकांनी सांगितलेल्या फाट्यावर उतरले, दोन ठिकाणी विचारलं. पत्र्याचं छोटं घर होतं, मागे एक पडवी. बाई ओट्यावर बसून दगडावर प्लास्टिकचा एक तुकडा घासत होत्या. मला बघून त्या दचकल्या नाहीत, याचीही मी मनात नोंद केली.

"आलात? या. आधी च्या ठेवू, का आधी बगता?"

"आधी बघते," मी म्हणाले. आजही ते आठवलं की मला माझाच आवाज नकोसा होतो.

त्यांनी पडवीचं दार उघडलं. पूर्वी तिथे बैल बांधत असावेत, भिंतीत दावणीची कडी तशीच होती. आणि समोरच्या पूर्ण भिंतीला, जमिनीपासून माझ्या खांद्याच्या उंचीपर्यंत, एक यंत्र उभं होतं. दुसरा शब्द मला सुचला नाही. प्लायवूडची आणि जाड पुठ्ठ्याची लांबलचक तिरकी फळी, तिच्यावर बटणांच्या ओळी, खटके, गोल काचा. शांपूचे पंप तिथे दाबायचे खटके झाले होते. केस वाळवायच्या मशीनची नळकांडी बोलायच्या नळ्या झाली होती. रिमोटची बटणं सुटी करून ओळीने बसवली होती. मधोमध हाताच्या लांबीचा एक दांडा. समोर ऑफिसातली असते तशी, एक हात तुटलेली फिरती खुर्ची. खुंटीवर कागदाच्या लगद्याचं शिरस्त्राण, घमेल्यावर थापून वाळवलेलं, पुढे टॉर्चच्या काचेचा डोळा. सगळं करड्या रंगाचं. फळी करडी, बटणं करडी, खुर्चीला घातलेली खोळसुद्धा करडी.

तुम्ही असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मी घड्याळं शोधली. फळीच्या वरच्या अंगाला तीन गोल तबकड्या होत्या, काचेसारख्या, आत आकडे आणि काटा. मी पुढे झाले आणि नखाने त्यातली एक उचकटली. ती टचकन निघाली, हातातून सुटली आणि खाली शहाबादी फरशीवर पडून दुभंगली.

क्रीमच्या डब्याचं झाकण होतं ते. आकडे पेनाने लिहिलेले होते. काटा म्हणजे केरसुणीचा हीर.

"आणि चौथं कुठंय?" मी विचारलं. तोंडातून गेलंच.

"चवथं काय, मॅडम? तीनच व्हती." बाईंनी खाली वाकून दोन्ही तुकडे उचलले, एकमेकांना लावून बघितले. "बसंल डिंकानं. तुमी बगा पुढं."

पुढे मी काही बघितलं नाही. मी त्या एक हात तुटलेल्या खुर्चीवर बसले.

चहा पीत बाईंनी सांगितलं ते असं. त्या बारा वर्षांच्या असताना गावात एकच टीव्ही होता, किराणा दुकानदाराच्या घरी. रविवारी सकाळी तिथे एक हिंदी मालिका लागायची, अंतराळातल्या यानाची. यान बियाणं घेऊन कुठल्याशा लांबच्या ग्रहावर निघालेलं. आत बसायला जागा नसायची, गावातल्या मुली बाहेरून खिडकीच्या गजांना धरून बघायच्या. थोडेच भाग झाले आणि मालिका बंद पडली. यान त्या ग्रहावर पोचलं की नाही, ते कुणाला कळलंच नाही.

"त्या यानात एक बाई व्हती," बाई म्हणाल्या. "यंत्र सांभाळायची. कुनाची बायको न्हाय, कुनाची आई न्हाय. तिचं काम व्हतं. कप्तान लई वरडायचा, पन ती हां म्हनल्याबिगर यान हलायचं न्हाय. मी त्याच्या आदी अशी बाई बगितलीच नव्हती." चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "मागनं पन फार न्हाय बगितल्या."

मग लग्न झालं, लेक झाली, नवरा वारला, लेक नर्स होऊन नाशिककडे गेली. घर रिकामं झालं. गोदामात रिटर्नचं काम लागलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात शांपूचा एक तुटका पंप आला. "तो बगितला आन् आठवलं, यानातला खटका अगदी असाच व्हता. तिथनं सुरू झालं."

"पण सगळं करडं का?"

"रंग ठाव न्हाय ना." त्यांनी ट्रंकेतून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. घडीवर फाटलेलं, काळंपांढरं. त्यात ती फळी अर्धीमुर्धी दिसत होती. मोबाईलवर त्यांनी खूप शोधलं होतं. मालिका कुठेच नव्हती. "टीव्ही काळापांढरा, फोटो काळापांढरा. म्हनून इचारत फिरते, कुनाकडं तवा रंगीत टीव्ही व्हता का. ज्यानं रंगात बगितली तोच सांगनार."

मी कप खाली ठेवला. "बाई, आमच्या काकांकडे रंगीत टीव्ही होता. ती मालिका मी बघितलीय."

बाई उठल्या. हात धुऊन आल्या, पदराला पुसले, आणि एक शाळेची वही आणि पेन घेऊन माझ्यासमोर पाटावर बसल्या. नंतरचा तासभर माझी जी उलटतपासणी झाली, तशी मी गेटवर कुणाची घेतली नसेल.

"बाईचे कपडे?"

"निळे."

"बटनं?"

"लाल... आणि थोडी हिरवी."

"दांडा?"

"पिवळा. हळदीसारखा."

"खुर्ची?"

"काळी असावी."

"असावी म्हंजे?" त्यांनी खुर्चीपुढे काही लिहिलं नाही. मग इकडचं तिकडचं विचारलं, काकांचं घर केवढं होतं, टीव्हीसमोर मी कुठे बसायचे, कितवीत होते. आणि मध्येच, "कपडे कंचे म्हनलात?"

"हिरवट."

"मघाशी निळं म्हनलात."

"निळसर हिरवे असतील, बाई."

"मॅडम, असतील काय? आठवतंय का न्हाय?"

मी डोळे मिटले. काकांची बैठकीची खोली दिसत होती, लाकडी शटरचा टीव्ही दिसत होता, चुलतभावाचा पाय माझ्या पायावर होता तेही आठवत होतं. पण कपडे निळे होते की आत्ता, या बाईंना काहीतरी देऊन टाकावं म्हणून मी ते निळे करत होते, ते माझं मलाच कळेना. आठवणीचीही झडती घेता येते, हे मला माहीत नव्हतं. तीन वेळा फिरवून विचारलं तेव्हा तिन्ही वेळा सारखं आलेलं उत्तर एकच होतं, पिवळा दांडा. त्यांनी वहीत 'पिवळा' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"पिवळा तर नक्की आहे," मी म्हणाले. "लावून टाका."

"एका मानसाच्या सांगन्यावर?" बाई हसल्या. "न्हाय मॅडम. एकदा रंग लावला का मग तोच खरा वाटाया लागतो. मला सुद्दा."

 शेवटी मी म्हणाले, "बाई, घड्याळांसाठी तुमचं नाव मी दिलं."

"ठाव हाय."

"माझं चुकलं."

"तुमची ड्युटी हाय ती." त्यांनी वही मिटली. मग कप उचलत म्हणाल्या, "पन वाईट वाटलं. ते खोटं कशाला बोलू."

सोमवारी मी मॅनेजरांकडे गेले आणि सांगितलं की माझा संशय मी मागे घेते. ते म्हणाले, "मॅडम, संशय काय मागे घ्यायची गोष्ट आहे का? आणि ठेकेदाराने दुसरी बाई पाठवलीय त्या जागी." मी लिहून दिलं. त्यांनी कागद घेतला आणि दुसऱ्या कागदांखाली सरकवला. आठवड्याभराने घड्याळं सापडली. लहान मुलांच्या बुटांच्या क्रेटमध्ये ती चुकून दुसऱ्या शेडला गेली होती. त्यावर कुणी काही बोललं नाही. ठेकेदाराच्या माणसाने बाईंना फोन केला, "उद्यापासून या." त्या म्हणाल्या, "न्हाय येत."

मी पुन्हा गेले, त्यांना परत आणायला. आणि जाताना एक साक्षीदार घेऊन गेले, फोनवरचा. माझा चुलतभाऊ, आमचा दादा. काकांचे लूम कधीच विकले गेले, तो आता नाक्यावर दुकान चालवतो. मी नंबर लावला आणि बोलणार, तोच बाईंनी फोन हातातून काढून घेतला.

"तुमी बोलू नका. मी इचारते."

स्पीकरवर त्यांनी त्याला मालिकेबद्दल हळूहळू बोलतं केलं. दादाला कप्तानाच्या मिशा आठवत होत्या, बियाण्याच्या पेट्या आठवत होत्या. मग बाईंनी विचारलं, "फळीच्या मधी एक दांडा व्हता. कंच्या रंगाचा?"

"पिवळा," दादा म्हणाला. "एकदम पिवळा. का हो?"

"काय न्हाय. गिऱ्हाईक बगा तुमी," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला केवढा आनंद झाला! "बघा, दोन साक्षीदार झाले." बाई वहीत लिहीत होत्या. त्यांनी मला सांगितलं की पडघ्याच्या बाजारात मिक्सर-पंखे दुरुस्तीच्या दुकानात त्यांना काम मिळालंय. गोदामाचा विषय मी काढलाच नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते आणि अंबाडी गेल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळला. दोनच दिवसांपूर्वी मी दादाशी फोनवर या मालिकेबद्दल बोलले होते. 'तुला आठवतं का रे, त्यात तो दांडा होता...' पिवळा हा शब्द आधी कुणी उच्चारला? त्याने की मी? मी म्हणाले असेन, तर दादाची साक्ष ही माझीच साक्ष. दादाला विचारलं. तो म्हणाला, "मला काय माहीत? पिवळाच होता ना पण?" मी बाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एकदा त्यांच्याकडून काही हिरावून घेतलं होतं, आता दिलेलं परत कसं घेऊ, असं मी मनाशी म्हणत राहिले. घाबरले होते, हे त्यातलं खरं.

मधे सात-आठ महिने गेले. पडघ्याला गेले की मी दुकानात डोकावायचे. बाई काउंटरमागे स्टुलावर बसलेल्या असत, समोर उघडलेला मिक्सर. भले भले बाप्ये हातात पंखा धरून त्यांच्यासमोर गप उभे असायचे. मला बघून त्या मान हलवत, पण हातातलं काम सोडत नसत. मीही दांड्याचं बोलत नसे.

मग एकदा त्यांचाच फोन आला. लेकीला मूल झालं होतं, तिची ड्युटी पुन्हा सुरू होणार होती, बाळाला बघायला आई हवी होती. बाई कायमच्या नाशिककडे चालल्या होत्या. "येऊन जा," एवढंच म्हणाल्या.

मी पोचले तेव्हा घरासमोर टेम्पो उभा होता. भांडी, ट्रंक, दोन गोधड्या, एवढं सामान कोपऱ्यात बसलं होतं. बाकी सगळा हौदा त्या फळीने अडवला होता. ती आडवी मावेना, म्हणून ड्रायव्हरच्या केबिनला टेकवून उभी बांधली होती. लेकीचा फोन येतच होता, आणि तिचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. "आई, ते भंगार आणू नकोस. एकच खोली आहे गं."

"ग्यालरीत बसंल," बाई म्हणाल्या आणि फोन कमरेला खोचला.

फळी अजून करडीच होती. फक्त मधला दांडा पिवळा होता. हळदीसारखा.

मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. दादाशी आधी झालेलं बोलणं, आधी कोण काय म्हणालं ते न आठवणं, आणि मी गप्प बसले ते. "बाई, तो रंग कदाचित खोटा असेल," मी म्हणाले.

बाई जोरात हसल्या. इतकं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"तुमच्या दोगांच्या भरवशावर रंग लावते व्हय मी? एकाच घरातली दोगं तुमी. मी गप बसले. मागल्या म्हयन्यात दुकानात एक रिटायर गुरुजी आले, इस्त्री घेऊन. त्यांनी बगितली व्हती, रंगात. मी त्यांना दांडा म्हनले न्हाय, रंग म्हनले न्हाय. नुसतं म्हनले, काय आठवतं ते सांगा. तेच म्हनले, बाईच्या पुढं एक पिवळा दांडा व्हता." त्यांनी दांड्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला रंग लागतो का ते बघितलं. "तवा लावला."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं कुनी नक्की सांगत न्हाय. नाशकात इचारीन."

ड्रायव्हरने केबिनचं दार उघडलं. "मावशी, पुढं बसा." बाईंनी फळीची एक दोरी ओढून बघितली, मग दुसरी. "न्हाय बाबा. घाटात सामान हालंल. मी मागंच बसते." त्यांनी त्याला ती खुर्ची फळीसमोर ठेवायला लावली, चाकांना विटा लावून घेतल्या आणि वर चढून बसल्या. शिरस्त्राण मांडीवर. ते पिशवीत कोंबलं तर चेपलं असतं.

त्यानंतर आमची भेट नाही. नाशिकमध्ये रंगीत टीव्हीवाला कुणी भेटला की नाही, मला ठाऊक नाही.

ड्रायव्हरने मला फाट्यावर सोडलं आणि टेम्पो पुढे हायवेच्या रस्त्याला लागला. मागून एक कंटेनर आला, त्याने हॉर्न दिला, ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघायला लागला. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. ताडपत्री नसलेल्या त्या हौद्यात त्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, तोंड फळीकडे. चढ लागला तसा टेम्पोने गिअर बदलला, फळी वरपासून खालपर्यंत थरथरली, आणि बाई पुढे झुकल्या, दोन्ही हात पसरून त्यांनी तिला धरलं.